रेशमाच्या पट्टीतून सावकाश औषध : जिवतीच्या पहाडावर त्याचा उपयोग किती?

जिवती : पायाला कुऱ्हाड लागली, की पहाडावरच्या गुड्यात जखम किती खोल आहे हे पाहता पाहताच गाडीचा हिशेब सुरू होतो. कोणाची मोटरसायकल घरी आहे, पेट्रोल आहे का, संगं कोण जाईल. पहिली मलमपट्टी कशीबशी होऊन जाते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दोन दिवसांनी पट्टी बदलायला या, असं दवाखान्यात सांगतात. पण दोन दिवसांनी सोयाबीनची काढणी असते, नाहीतर कापूस वेचणी. रोजी बुडते, गाडीचे पैसे वेगळे. मग 'बरं वाटते आता' म्हणून माणूस घरीच थांबतो. गोळ्याही चौथ्या दिवशी बंद होतात आणि पट्टीच्या आत जखम पिकत जाते.

या मधल्या दिवसांवर उपाय म्हणून जगभरातले शास्त्रज्ञ एका गोष्टीवर काम करत आहेत. रेशमापासून बनवलेल्या अतिबारीक धाग्यांची पट्टी, आणि त्या धाग्यांत भरलेलं अँटिबायोटिक. पट्टी एकदा लावली की औषध एकदम न सुटता कित्येक दिवस थोडं थोडं जखमेत उतरत राहतं. अशा बातम्या मोबाईलवर अधूनमधून येतात आणि 'आता इंजेक्शनची गरज नाही' असल्या मथळ्याखाली पुढे ढकलल्या जातात. त्यात खरं किती, पुढचं किती, आणि कोसा पिकवणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीला त्यातून काय मिळेल, हे नीट पाहायला हवं.

पावडर टाकण्याची सवय

आधी आज काय चालतं ते बघू. खेड्यापाड्यात जखम झाली की कॅप्सूल फोडून आतली पावडर जखमेवर टाकायची, ही सवय फार जुनी आहे. कोणी गोळी कुटून टाकतो. विचार सरळ असतो: औषध पोटात जाऊन फिरून येण्यापेक्षा थेट जखमेवरच पडलेलं बरं.

गंमत अशी, की शास्त्रज्ञांचा मूळ विचारही काहीसा असाच आहे. तोंडाने घेतलेली गोळी रक्तातून सगळ्या अंगभर जाते. जखमेपर्यंत तिचा थोडाच भाग पोहोचतो. ज्या जागी रक्तपुरवठाच कमी आहे, उदाहरणार्थ शुगरच्या पेशंटचा पाय, तिथे तर आणखी कमी. म्हणून औषध जखमेच्या जागीच मिळावं, हे म्हणणं बरोबर आहे.

चूक आहे ती पद्धतीत. कॅप्सूलमधली पावडर पोटासाठी बनवलेली असते, उघड्या मांसासाठी नाही. ती निर्जंतुक नसते. एका जागी ढीग होतो, दुसरी जागा कोरडी राहते. जखमेतून पाणी सुटलं की काही तासांत वाहून जाते, उरलेल्याची खपली होते आणि तिच्याखाली घाण अडकून बसते. डॉक्टरला जखम दिसत नाही ती वेगळीच गोष्ट. म्हणजे औषध जखमेत पडतं, पण पुरेशा जोराने आणि पुरेसे दिवस टिकत नाही. रेशमी पट्टीचं सगळं संशोधन या 'पुरेसं' आणि 'टिकणं' या दोन शब्दांभोवती फिरतं.

जागेवरच अँटिबायोटिक सोडण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत १९७० च्या सुमारास सांधे बदलताना वापरायच्या हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात झाली. पुढे हाडात ठेवायचे औषधी मणी आले, दातांच्या हिरडीत ठेवायचे औषधी धागे आले. मोठ्या हॉस्पिटलात हे वापरलं जातं. रेशीम या ओळीतला नवा भिडू आहे.

रेशीमच का?

रेशमाची आणि जखमेची ओळख जुनी आहे. टाके घालायला रेशमी धागा डॉक्टर कित्येक पिढ्यांपासून वापरतात. 'सिल्कचे टाके' हा शब्द अजूनही दवाखान्यात ऐकू येतो.

रेशमाच्या धाग्यात मुख्य दोन प्रथिनं असतात. आतला मजबूत भाग म्हणजे फायब्रोइन आणि त्याला चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग म्हणजे सेरिसिन. तुतीच्या रेशमात फायब्रोइन साधारण ७० ते ७५ टक्के असतं, उरलेलं बहुतेक सेरिसिन. डिंक न काढलेलं कच्चं रेशीम अंगात गेलं तर काही लोकांना त्याची ॲलर्जी होते. म्हणून आधी सेरिसिन काढावं लागतं. शुद्ध केलेलं फायब्रोइन मात्र शरीर बऱ्यापैकी मानून घेतं. ते हळूहळू विरघळतं आणि विरघळून अमिनो आम्लंच उरतात, म्हणजे डाळीतून किंवा अंड्यातून मिळतात तशीच.

यावरून एक गोष्ट इथेच सांगून टाकावी. कोशाचं कापड, जुन्या साडीचा तुकडा किंवा घरचा कोसा उकळून जखमेवर बांधणं म्हणजे ही पट्टी नव्हे. त्यात डिंक असतो, रंग असतो, धूळ असते. तसं कोणी करू नये.

पट्टी बनते कशी

कोष कापून धुण्याच्या सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात उकळतात. डिंक निघून जातो. उरलेलं कापसासारखं रेशीम लिथियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराच्या दाट द्रावणात विरघळवतात. मग ते बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून दोन-तीन दिवस शुद्ध पाण्यात ठेवतात, क्षार बाहेर निघून जातो. हाती येतं रेशमाचं पातळ द्रावण. टसर यात एवढ्या सहज विरघळत नाही, त्याची रीत वेगळी आणि जास्त कटकटीची आहे.

पुढचं काम मशीनचं. हे द्रावण सिरिंजमध्ये भरतात. सुईला १० ते ३० हजार व्होल्टचा विजेचा दाब देतात. घरात २३० व्होल्ट असतात, त्यावरून अंदाज यावा. समोर वीतभर अंतरावर धातूची पाटी असते. विजेच्या ओढीने सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्यातून धागा सुटतो, हवेतच सुकतो आणि पाटीवर जाळीसारखा पसरतो. हा धागा माणसाच्या केसाच्या शंभर-दोनशेव्या हिश्शाइतका बारीक असतो. यालाच नॅनोफायबर म्हणतात. या पद्धतीचं पेटंट आंतोन फोरमाल्स यांनी १९३४ मध्ये घेतलं होतं, म्हणजे यंत्राची कल्पना ९० वर्षांची झाली.

तयार होणारी चादर टिश्यू पेपरसारखी दिसते. तिच्यातून हवा जाते, जखमेचं पाणी शोषलं जातं, पण धूळ सहजी आत जात नाही. कातडीच्या खाली निसर्गाने जी बारीक तंतूंची जाळी विणलेली असते, तिच्याशी हिची ठेवण जुळते. म्हणून नव्या पेशींना पाय ठेवायला जागा मिळते.

'सावकाश' म्हणजे नेमकं काय

शेतकऱ्याला हे समजायला युरियाचं उदाहरण पुरेसं आहे. साधा युरिया टाकला आणि जोराचा पाऊस आला तर नत्र वाहून जातं. कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिला तर ते सावकाश लागू होतं. म्हणूनच २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया लेप देऊनच विकायचा नियम झाला. पट्टीतही तेच गणित आहे. औषध तेच, पण सोडायची चाल बदलायची.

ही चाल बदलण्याचे दोन-तीन मार्ग आहेत. औषध द्रावणातच मिसळून धागा काढता येतो. पण मग धाग्याच्या वरच्या थरातलं औषध पहिल्याच दिवशी सुटून जातं. दुसरा मार्ग म्हणजे नळीत नळी असलेली सुई वापरायची. आत औषध, बाहेर रेशमाचं कवच, असा धागा निघतो. औषधाला कवचातून वाट काढत यावं लागतं. तिसरी किल्ली रेशमाच्या स्वभावात आहे. तयार चादरीला अल्कोहोल किंवा पाण्याच्या वाफेचा हात दिला की प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींत घट्ट बसतात. मग ती पाण्यात विरघळत नाही. जितकी घट्ट बसली, तितकं औषध हळू सुटतं. दुसऱ्या अनेक पदार्थांत ही चाल अशी हवी तशी फिरवता येत नाही. रेशमाकडे शास्त्रज्ञांचा ओढा आहे तो यामुळे.

बोंडअळीने शिकवलेला धडा

इथे एक धोका आहे आणि बातम्यांत तो सहसा येत नाही. औषध सावकाश सुटणं चांगलं, पण ते फार कमी जोराने सुटत राहिलं तर उलटं होतं.

पहाडावरच्या कापूस उत्पादकाला हे वेगळं सांगायची गरज नाही. बीटी कापूस देशात २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा बोलगार्ड-२ आला २००६ मध्ये. सुरुवातीची वर्षं बोंडअळी दिसेनाशी झाली. पण कडेला लावायचं बिगर-बीटी बियाणं बहुतेकांनी लावलंच नाही, पऱ्हाटी महिनोन्महिने उभी राहिली आणि हंगामाच्या शेवटी झाडातल्या विषाचा जोर कमी पडत गेला. कमी विषातून वाचलेल्या अळ्यांचीच पुढची पिढी वाढली. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं.

जखमेतल्या जंतूंचंही असंच आहे. त्यांना मारायला औषधाचा ठरावीक जोर लागतो. पट्टीतून पहिले पाच दिवस पुरेसं औषध सुटलं आणि नंतरचे पंधरा दिवस नुसतं थेंब-थेंब झिरपत राहिलं, तर त्या पंधरा दिवसांत मरायचे तेवढे मरतात आणि औषधाला न जुमानणारे शिल्लक राहतात. म्हणून चांगली पट्टी म्हणजे जास्तीत जास्त दिवस चालणारी पट्टी, असं समजू नये. जितके दिवस चालते तितके दिवस पुऱ्या जोराने चालते आणि मग पटकन संपते, ती चांगली.

हा प्रश्न छोटा नाही. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात थेट १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. आपल्याकडे २०१६ मध्ये अँटिबायोटिकच्या पाकिटावरची लाल रेघ ओळखा, अशी मोहीम केंद्र सरकारने काढली. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय लाल रेघेची गोळी घ्यायची नाही, असा तिचा अर्थ. गावच्या किराणा दुकानात सुट्या गोळ्या विकत घेणाऱ्या किती जणांनी ती रेघ पाहिली, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. चौथ्या दिवशी गोळ्या सोडणारा माणूसही नकळत तेच करत असतो, जे २०१७ च्या आधी कापसाच्या शेतात झालं.

काम कुठवर आलं

देशात या विषयावर काम करणारी माणसं आहेत, आणि त्यातली काही महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. अनुया निसळ यांनी रेशमाच्या फायब्रोइनवर बरीच वर्षं काम केलं. त्यातून व्हेंचर सेंटरच्या आधाराने सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. तिचा भर हाडातली पोकळी भरून काढणाऱ्या रेशमी साहित्यावर आहे. बंगळुरूची फायब्रोहील ही कंपनी रेशीम प्रथिनाच्या मलमपट्ट्या बनवते. गुवाहाटीच्या आयआयटीत डॉ. बिमन मंडल यांच्या गटाने रेशीम मिसळलेल्या नॅनोफायबरच्या चादरी बनवून मधुमेह असलेल्या सशांच्या जखमांवर तपासल्या. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन यांच्या प्रयोगशाळेने अँटिबायोटिक भरलेल्या रेशमावर सविस्तर अभ्यास केले.

या यादीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. पट्टीत रेशीम असणं ही एक गोष्ट आणि ठरलेल्या दिवसांत ठरलेलं अँटिबायोटिक सोडणं ही दुसरी. पहिल्या प्रकारची पट्टी आज विकत मिळू शकते. दुसऱ्या प्रकारावरचं बहुतेक काम काचेच्या बशीतल्या जंतूंवर आणि उंदीर-सशांवर झालेलं आहे. सशाची जखम दवाखान्यातल्या स्वच्छ पिंजऱ्यात भरते. पऱ्हाटीचं धसकट पायात घुसलेल्या, त्यातच चिखलात उभं राहिलेल्या माणसाची जखम वेगळी असते. माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या, मग औषध नियंत्रकांची परवानगी, मग सरकारी खरेदीच्या यादीत नाव, एवढा रस्ता बाकी राहतो. उद्या उपकेंद्रात जाऊन ही पट्टी मागितली तर मिळणार नाही.

उन्हाळा आणि औषध

तरी एका कारणासाठी पहाडाने या कामावर नजर ठेवावी. ते कारण म्हणजे ऊन. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं आहे, ४७ च्या पुढेही जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं औषध त्यात किती टिकत असेल? वीज गेली की फ्रीजही बंद.

टफ्ट्सच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लस आणि अँटिबायोटिक रेशमाच्या पातळ पापुद्र्यात बंद करून ती गरम जागी महिनोन्महिने ठेवली. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनसारखी औषधं ६० अंशांपर्यंतच्या तापमानातही बरीचशी टिकली. रेशमाच्या घट्ट साखळ्यांत औषधाचे कण जखडले जातात, त्यांना हलायला आणि बिघडायला वाव राहत नाही. हे तंत्र पुढे पट्टीत उतरलं तर फ्रीज नसलेल्या गुड्यातही औषधी पट्टी कपाटात ठेवता येईल. शहराला याचं फार कौतुक नसेल, पहाडाला आहे.

कोसा उत्पादकाला काय?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे टसर रेशमाचे जुने जिल्हे. सावली, सिंदेवाही, मूल, इकडे आरमोरी या पट्ट्यात ढिवर समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पाळतात. पाखरं, मुंग्या, गांधीलमाशी यांच्यापासून राखण करत जंगलात मुक्काम करतात. या किड्याच्या स्थानिक जातीला 'भंडारा' हेच नाव आहे. याच धाग्यातून विदर्भाची करवती काठाची साडी विणली जाते. जिवतीच्या पहाडावर मात्र जोर कापूस, सोयाबीन आणि तुरीचाच.

टसरमध्ये एक गुण असा आहे की तो तुतीच्या रेशमात नाही. त्याच्या फायब्रोइनमध्ये तीन अमिनो आम्लांची एक ठरावीक जोडणी असते, जिला माणसाच्या पेशी सहज चिकटतात. खरगपूर आयआयटीचे डॉ. सुभाष कुंडू यांनी टसरच्या फायब्रोइनवर बराच अभ्यास केला, त्यातून वैद्यकीय कामासाठी टसरकडे लक्ष गेलं. जखम भरायची म्हणजे पेशींनी त्या जाळीवर चढायला हवं. त्या दृष्टीने आपल्या जंगलातला धागा हलका नाही.

मग कोशाला सोन्याचा भाव येईल का? इथे ढोबळ हिशेब करून बघावा. तळहाताएवढ्या पातळ नॅनोफायबरच्या चादरीला एक ग्रॅमही रेशीम लागत नाही. टसरच्या एका कोशाचं कवच साधारण एक ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे प्रक्रियेतली घट धरूनही एका-दोन कोशांत एक पट्टी. एका साडीला लागणाऱ्या रेशमात शेकडो पट्ट्या होतील. पट्ट्यांचा कारखाना निघाला तरी तो कोशांचा डोंगर उचलणार नाही. पट्टीच्या किमतीतला मोठा वाटा शुद्धीकरण, निर्जंतुक कारखाना, चाचण्या आणि परवाने यांचा असेल, कोशाचा असेल नखभर.

फायदा होऊ शकतो तो वेगळ्या दारातून. विणकामात फुटके, भोक पडलेले, नीट न उलगडणारे कोष कमी भावात जातात. रेशीम विरघळवायचंच असेल तर धागा सलग असण्याची गरज नसते. असा माल चालू शकतो. पण वैद्यकीय कंपनी विचारेल: अंडीपुंज कुठून आणले, किडा रोगमुक्त होता का, आजूबाजूला फवारणी झाली का, कोष कसे वाळवले? याची नोंद ज्या गटाकडे असेल त्याचा माल घेतला जाईल. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरात आहे, टसरची केंद्रीय संशोधन संस्था रांचीला १९६४ पासून आहे. कोसा उत्पादकांच्या संस्थांनी या दोघांकडे आतापासून नोंदी आणि प्रतवारीचं प्रशिक्षण मागितलं, तर मागणी आली त्या दिवशी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. 'मेडिकलसाठी कोसा लावा, आम्ही विकत घेऊ' असं सांगून आगाऊ पैसे मागणारा कोणी गावात आला, तर त्याला आधी लेखी करार मागावा.

शेजारच्या जिल्ह्याने काय दाखवलं

औषध माणसाच्या दारापर्यंत नेलं तर काय होतं, याचा पुरावा शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. तो गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचाराचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना शिकवलं, त्यांना आरोग्यदूत म्हटलं. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं ओळखायची, आई-वडिलांची संमती घ्यायची आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन व तोंडाने औषध घरीच द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ मध्ये आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

त्यात वापरलेलं औषध जुनं आणि स्वस्त होतं. फरक पडला तो तीन गोष्टींनी: औषध गावात होतं, पुरे दिवस दिलं गेलं आणि देणारा हात शिकलेला होता. रेशमी पट्टी यातल्या दुसऱ्या गोष्टीत मदत करू शकते. पुरे दिवस औषध देण्याचं काम ती स्वतः करेल. पण जखम धुवून, मेलेलं मांस काढून, आत काही रुतलेलं नाही ना हे पाहून मगच ती लावायची असते. वरून छान दिसणारी पट्टी आत घाण ठेवून लावली, तर आठ दिवस कोणी उघडून बघणारच नाही. दूरच्या गुड्यात हा धोका शहरापेक्षा जास्त आहे. म्हणजे पट्टी जितकी जास्त दिवसांची, तितका ती लावणारा हात अधिक तयार हवा.

त्यामुळे पुढे कधी अशी पट्टी सरकारी दवाखान्यात आली, तर तिच्याविषयी चार प्रश्न विचारावेत. तिच्यात कोणतं अँटिबायोटिक आहे आणि या जखमेला ते लागू आहे का? किती दिवस पुऱ्या जोराने चालते? मधल्या काळात कोण आणि कधी बघणार? आणि कोणती लक्षणं दिसली तर ती लगेच काढायची? या चारांची उत्तरं नसतील तर ती महागडी चिंधीच ठरेल.

तोवर करायचं काय

पट्टी यायची तेव्हा येईल. धसकट उद्याच पायात घुसणार आहे. म्हणून आज हाताशी असलेल्या गोष्टी :

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावं. मग जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. राख, तंबाखू, शेण, कॅप्सूलची पावडर काही टाकू नये. धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या कापडाने झाकावी.

खोल, मातीने माखलेली किंवा गंजलेल्या वस्तूची जखम असेल तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावं. कुत्रा चावला तर साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. साप चावला तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं.

लाली पसरत गेली, सूज वाढली, पू किंवा वास आला, ताप भरला, तर 'उद्या बघू' म्हणू नये. शुगरच्या पेशंटने पायाची छोटी जखमही दाखवावी. त्याला दुखत नाही म्हणून ती छोटी वाटते.

अँटिबायोटिक डॉक्टरने लिहिलं असेल तितके दिवस पूर्ण घ्यावं. उरलेल्या गोळ्या जपून ठेवून शेजाऱ्याला देऊ नयेत.

आणि एक काम गावाने मिळून करायचं आहे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. निर्जंतुक गॉज, बँडेज, हातमोजे गावात ठेवायला त्यातले थोडे पैसे लागतील. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने किंवा सिस्टरने आठवड्यातले कोणते दिवस गुड्यावर येऊन पट्टी बदलायची, हे ग्रामसभेत ठरवून घेता येतं. विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रयोगशाळेतले लोक आठ दिवस टिकणारी पट्टी बनवण्यासाठी धडपडत आहेत, कारण जगात बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी पेशंट परत येत नाही हे त्यांना माहीत आहे. जिवतीत तो का येत नाही, हे जिवतीला माहीत आहे. गाडी, रोजी, रस्ता आणि पट्टी बदलणारं माणूस, या चार अडचणींपैकी निदान शेवटची तरी येत्या ग्रामसभेत सुटू शकते.